डोक्यावरचा मधला आवाज

एक्याऐंशी साली डेट्रॉईटजवळच्या ट्रॉयमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या वर चार पोलिश गाणारे राहायला आले आणि माझ्या स्वयंपाकघराची शांतता गेली. दोन पुरुष, दोन बायका. जॅझ गायचे, तेही वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांवर. त्यांच्या देशात त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या होत्या म्हणे. इथे मात्र कधी डेट्रॉईटमधला एखादा क्लब, नाहीतर पोलिश चर्चच्या हॉलमधलं कुणाचं तरी लग्न.

त्यांच्यातली एक बाई रोज सकाळी नेमकी माझ्या ओट्याच्या वर उभी राहून एकटीच गायची. ना शब्द, ना धड चाल. 'दू-बा, दू-बा' करत दोन-तीन सुरांत घुटमळायची आणि मध्येच कुठेतरी उडी मारायची. पोळ्या लाटता लाटता माझं डोकं उठायचं. एकदा मी सरळ झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

संध्याकाळी ती खसखशीचा केक घेऊन दारात हजर. माझ्याच वयाची, डोळे थकलेले. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये बोललो. म्हणाली, "सॉरी. माझा आवाज मधला. वरचा आणि खालचा लोकांना ऐकू येतो, माझा नाही. पण चुकले तर सगळं कोसळतं. म्हणून घोकते."

आता अशा बाईवर काय रागवायचं? मी चहा टाकला. तिची सहा वर्षांची मुलगी तिकडे आजीपाशी होती. आईने परत यावं म्हणून सरकारने मुलीला पासपोर्टच दिला नव्हता. त्यानंतर ती रोज चहाला येऊ लागली.

डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी राजवट आली. फोन बंद, विमानं बंद. ती आमच्या टीव्हीसमोर बसून बर्फातले रणगाडे बघायची आणि आपली गल्ली दिसते का ते शोधायची. दिसली कधीच नाही.

आणि नेमकं त्याच वेळी न्यूयॉर्कच्या एका कंपनीने चौघांना रेकॉर्डसाठी बोलावलं. बाकीचे तिघं आता परतणारच नव्हते. रेकॉर्ड होईपर्यंत थांब, म्हणून ते तिच्या मागे लागले. एकदा परत गेली की तिला पुन्हा बाहेर कोण सोडणार?

"यात विचार काय करायचा?" मी ठसक्यात म्हणाले. "मुलगी आहे तुझी."

"मी गेले तर आमचं गाणं संपलं," ती म्हणाली. "दहा वर्षं आम्ही दुसरं काही केलं नाही. आणि थांबले तर मुलगी मला ओळखणार नाही. तू सांग."

मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

विमानं सुरू झाल्यावर ती गेली. तिला एअरपोर्टवर सोडायला आमचे अहो गेले, त्या तिघांपैकी कुणी खालीसुद्धा उतरलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला.

पुढे उन्हाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये तिघांचा कार्यक्रम झाला. न्यूयॉर्कचं बोलावणं तोवर बारगळलं होतं. राग गिळून मी गेले. तिघं छान गायले, टाळ्याही पडल्या. अहो कानात म्हणाले, "तिघांतही जमलं की गं. काही मिस होतंय असं वाटलं नाही."

मला वाटत होतं. सबंध हॉलमध्ये बहुधा मला एकटीलाच. मी त्या गाण्यातलं दुसरं काही धड ऐकलंच नव्हतं, फक्त तिचं ऐकलं होतं, रोज, पोळ्या लाटताना. पुढचं गाणं सुरू झालं आणि माझ्या नकळत मी त्यातलं तिचं म्हणू लागले. दू-बा, दू-बा, आणि मग ती उडी. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी वळून रागाने पाहिलं.

स्टेजवर वरचा सूर गाणारी बाई गाता गाता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आपल्या डाव्या बाजूला पाहिलं, जिथे माझी मैत्रीण उभी राहायची तिथे. मग तिला पुढे गाताच येईना.