व्हर्नाचा चाप

आमच्या केंटकीच्या डोंगरात डेल्मरइतका हट्टी म्हातारा दुसरा नाही. संधिवाताने बायकोची, व्हर्नाची, बोटं आखडली आणि तिला रिव्हॉल्व्हरचा चाप ओढवेना. “बंदुकीच्या दुकानात दुरुस्तीला दे,” मी डेल्मरला म्हटलं.

“बायको माझी, रिव्हॉल्व्हर माझं. दुकानदार कशाला मधे?”

त्याने ते स्वयंपाकघरात खोलून, चाप हलका व्हावा म्हणून, आतली स्प्रिंग नरम केली. गोळ्या न भरताच चाप ओढून बघत दोघं खूश झाली.

काल डेल्मर बाहेर असताना पिसाळलेला कोल्हा खुराड्यात शिरला. व्हर्नाने चाप सहज ओढला. नुसतं टक्. पुन्हा टक्. नरम स्प्रिंगचा ठोका इतका हलका, की काडतूस पेटेना. कोंबड्या तिच्यादेखत गेल्या.

“कडक स्प्रिंग घालतो,” डेल्मर खाली मान घालून पुटपुटला.

“घाल की! गोळी सुटेल रे, पण चाप कोण ओढणार?”