आधी वजन सांगणाऱ्या सिस्टर

आमच्या सांगलीच्या प्रसूतिगृहात बाळ जन्मलं की नातेवाईक एकच विचारायचे, "मुलगा की मुलगी?" मोठ्या सिस्टर दाराबाहेर येऊन सांगायच्या, "अडीच किलो. आई बरी आहे." कुणी पुन्हा विचारलंच तर "मुलगी" एवढं म्हणून आत वळायच्या. मुलगा-मुलगी बदलता येत नाही, वजन वाढवता येतं, असं त्यांचं म्हणणं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी तिथे डॉक्टर म्हणून नवीनच लागले होते. सिस्टर मलकापूरच्या, उंच आणि खणखणीत आवाजाच्या. हा आवाज एकाच प्रश्नाला खाली यायचा. बाई दाखल झाली की त्या तिच्या कानाशी वाकून विचारायच्या, "दिवस आपोआप राहिले, का गोळ्या-इंजेक्शनं घेतलीस? का मुंबईला जाऊन टेस्ट ट्यूब?" त्या काळी असले उपचार लोक सासूपासूनही लपवायचे. सिस्टरना मात्र बायका सांगून टाकायच्या.

उपचारानं झालेली बाळं जरा हलकी निघतात, असं सिस्टरना वाटे. जुळी असली तर हलकी असणारच, पण एकटं बाळही कधी कधी. प्रसूतिगृहाचे मोठे डॉक्टर, आमचे सर, हसायचे. "सिस्टर, चार बाळांवरून नियम काढू नका."

"नियम नाही काढत सर, गरम दुपटी काढून ठेवते."

मी एकदा विचारलं, "औषधामुळंच होतं का हो?"

"ते मला नाही ठाऊक. औषधामुळं असेल, नाहीतर ज्या दुखण्यापायी औषध लागलं त्यामुळं असेल. उपचार पण सगळे सारखे नसतात. आणि तीन-तीन किलोची पण झालीत की माझ्या हातावर!"

वडूजची सुनंदा आली ती लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. टेस्ट ट्यूबचं फक्त नवऱ्याला माहीत होतं. तिनं ते सिस्टरच्या कानात सांगितलं, आणि सिस्टरनी बाळंतपणाआधीच बाळांच्या डॉक्टरांना बोलावून ठेवलं. दिवस पूर्ण भरलेले, तरी मुलगी एक किलो आठशे ग्रॅमची. जन्मताच गार पडू लागली होती. सगळं हाताशी होतं म्हणून निभावलं.

सासू खाटेशी येऊन बघतच राहिली. "दिस भरल्यात म्हंता, मग एवढुसं कसं? काय लपवताय आमच्यापासनं?"

सिस्टर बाळाचं दुपटं नीट करू लागल्या. दुसऱ्याचं गुपित त्या कधीच उघड करायच्या नाहीत. सासू चहाला गेल्यावर सुनंदा रडायला लागली. "सिस्टर, मी ती इंजेक्शनं घेतली म्हणूनच ना?"

"छे छे" म्हणणं सोपं होतं. सिस्टर म्हणाल्या, "असेल, नसेल. पण घेतली नसतीस तर ही तुझ्या छातीवर नसती. औषधानं पोर दिली, वजन आपण देऊ."

त्या दुपारी सुनंदानं स्वतःच सासूला सगळं सांगितलं. म्हातारी खाटेवर तिच्याशेजारी टेकली. मग म्हणाली, "आदी बोलली असतीस तर म्या आले असते की गं संगं. एकलीनंच सोसलंस व्हय?" तिथून पुढं वाटी-चमच्यानं दूध पाजायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. वजन आधी थोडं उतरलं, मग रोज चढत गेलं. तीन आठवड्यांनी सव्वादोन किलोची नात घेऊन ती वडूजच्या एसटीत बसली.

सर पुन्हा हसले नाहीत. दाखल करतानाच्या कागदावर "गर्भ कसा राहिला" अशी एक ओळ त्यांनी छापून घेतली. आता हा प्रश्न सगळेच विचारू लागले.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी सरांनी त्यांना दोन शब्द बोलायला लावलं. हार गळ्यात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "आईला खोटं सांगू नका आणि घाबरवू पण नका. दोन्ही सोपं असतं, म्हणून सांगते." एवढ्यात आतून हाक आली. एका बाईला कळा वाढल्या होत्या. "डॉक्टर, चला की," म्हणत त्याच माझ्यापुढं आत गेल्या. मलकापूरची साडेचारची गाडी चुकली. त्या साडेसहाच्या गाडीनं गेल्या.