बाईंचा निवडुंग आणि कॉम्प्युटरवरची मंडळी

लग्न होऊन मी अंकुशनगरला आले तेव्हा साखर कारखान्याची वसाहत नवी होती. क्वार्टरपुढं चार पावलांचं अंगण होतं. मी हौसेनं गुलाब लावला, तो उन्हानं गेला. शेवंती लावली, तिच्यावर गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या चिमणीची काजळी बसून ती काळीठिक्कर पडली. मग औरंगाबादच्या एका नर्सरीतून लिंबाएवढा गोल निवडुंग आणला. त्याला ऊन चाललं, काजळी चालली, पाणी विसरलं तरी चाललं. उन्हाळ्यात एका सकाळी त्याच्या डोक्याभोवती बारीक गुलाबी फुलांचं कडं उमटलं, नवरदेवाला मुंडावळ्या बांधाव्यात तसं. त्या दिवसापासून मला निवडुंगांचं वेड लागलं.

शेजारच्या काकूंना ते पटलं नाही. “काटेरी झाडं दारात ठिवल्यानं घरात भांडणं व्हतेत,” त्या म्हणाल्या.

आमचे हे ओट्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “काकू, आमची तर झाडाच्या आधीपासूनच चालू हायेत.”

बाई भेटल्या त्या एसटीत. मी औरंगाबादहून मांडीवर कुंडी घेऊन येत होते. शेजारी बसलेला माणूस एका वळणावर माझ्याकडं कलला, काटे टोचताच उठला आणि पुन्हा काही बसला नाही. त्याच्या जागेवर एक किडकिडीत बाई येऊन बसल्या. कुंडीकडं पाहत म्हणाल्या, “याला वाळू जास्ती लागती. मातीत ठेवला तर कुजंल.” त्या तीर्थपुरीच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांच्याकडं गच्चीभर निवडुंग होते. तोवर या छंदाचं दुसरं माणूस मी पाहिलंच नव्हतं. माझा थांबा आला तरी आमचं बोलणं संपलं नव्हतं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली.

पुढं वर्षानुवर्षं आमची देवाणघेवाण चालली. माझ्या झाडाला पिल्लं फुटली की ती वर्तमानपत्रात गुंडाळून मी तीर्थपुरीच्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायची. बाईंकडून तुटक्या कपात लावलेली नवी रोपं यायची. मी त्यांना कारखान्याच्या बॉयलरची राख पिशवीभरून पाठवायची, कारण राख मिसळली की मुळं कुजत नाहीत असं आम्हीच शोधून काढलं होतं. झाडांची खरी नावं आम्हाला ठाऊक नव्हती. मग एकाचं नाव ‘लाडू’, एकाचं ‘कंगवा’, पांढऱ्या केसांच्या एकाचं ‘आबा’. “आबाला यंदा फूल न्हाई,” असं आम्ही रस्त्यात बोललो की ऐकणारे बघतच राहायचे.

दोन हजार सालानंतर अंबडला इंटरनेट कॅफे निघाला. कॉलेजला असलेल्या माझ्या मुलीनं मला तिथं नेलं आणि ओळखी वाढवायच्या एका साइटवर माझं खातं उघडून दिलं. तिथं निवडुंग पाळणाऱ्यांची अख्खी कम्युनिटी होती! पुणे, नाशिक, नागपूर, कुठून कुठून लोक. मी कॉलनीतल्या फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतले, सीडीवर भरून कॅफेत नेले. दोन दिवसांत लाडूला, कंगव्याला, आबाला लांबलचक लॅटिन नावं मिळाली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर घरातल्या माणसांची खरी नावं कळावीत, तशी गंमत वाटली.

लोक मराठीच लिहायचे, पण इंग्रजी अक्षरांत. एकानं सल्ला दिला तो मी असा वाचला, की कांदे कापून आठवडाभर सावलीत वाळवा आणि मग वाळूत लावा. मी घरी येऊन कांदे मागितले. हे म्हणाले, “निवडुंगाला कांदे कशाला?” दुसऱ्या खेपेला उलगडा झाला. निवडुंगाचं ‘कांडे’, म्हणजे कापलेला तुकडा, वाळवायचं होतं; इंग्रजी अक्षरांत दोन्ही सारखेच दिसतात. या एका सल्ल्यानं माझी कितीतरी रोपं कुजायची थांबली.

बाईंनाही मी ओढून नेलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या गाडीनं अंबडला यायच्या. आम्ही एका कॉम्प्युटरपुढं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसायचो आणि दुसऱ्यांच्या गच्च्या बघायचो.

बाईंकडं एक झाड होतं, त्यांच्या सगळ्या गच्चीचा राजा. कोंबड्याच्या तुऱ्यासारखं पसरलेलं, वळ्यावळ्यांचं, हिरव्यावर पांढरी झाक. बोटभर तुकड्यापासून त्यांनी ते वाढवलं होतं. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी गाळून घातलं होतं. त्यांना विचारून मी त्याचा फोटो टाकला आणि लिहिलं, ‘तीर्थपुरीच्या बाईंचा निवडुंग’.

पुढच्या शनिवारी आम्ही उत्साहानं पान उघडलं. वरच एका जाणकार गृहस्थांचं उत्तर होतं. हा निवडुंगच नाही, टोचून पाहा, दूध निघेल; ज्यांना एवढंही कळत नाही त्यांनी आधी अभ्यास करावा आणि मग फोटो टाकावेत. खाली लोकांनी हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा लावल्या होत्या. कुणी लिहिलं होतं, उद्या वांग्याचाही फोटो येईल.

बाईंनी सगळं वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. “चला ताई, गाडी निघंल,” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दोन-तीन शनिवार त्या आल्या नाहीत. कंडक्टरकडंही काही पाठवलं नाही. माझा जीव कासावीस झाला. इतकी वर्षं आम्ही झाडांना काय वाटेल ते म्हणत होतो, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. मी कॅफेत बसून एकेक अक्षर शोधत लिहिलं: हे झाड कुठं, कशा पाण्यावर वाढलं, ते. आणि शेवटी लिहिलं, चूक असेल तर नाव सांगा, हसता कशाला?

नाशिकच्या एका बाईंनी आधी उत्तर दिलं. त्यांनी समजावून लिहिलं की निवडुंगाच्या काट्यांच्या बुडाशी कापसासारखी बारीक गादी असते. या झाडाला ती दिसत नाही, खरवडलं तर दूधही निघेल; म्हणजे हे शेराच्या, चिकाच्या झाडांच्या, जातीतलं. पण त्याचा असा तुरा होणं फार दुर्मीळ आणि इतका मोठा तुरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या जाणकार गृहस्थांनी लिहिलं: माझं चुकलं. बाईंची परवानगी असेल तर झाड पाहायला यायचं आहे.

मी ते छापून घेतलं आणि तडक तीर्थपुरी गाठली. बाई गच्चीवर झाडांना पाणी घालत होत्या.

“मी सुई टोचून पाह्यली,” मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या. “दूध निघालं. त्यांचं बराबर हाय. पण ताई, वर्गात लेकरू चुकलं तर मी हसते का?”

मी कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, पुन्हा वाचला. “येऊ द्या त्यांना,” म्हणाल्या. “चहा मिळंल. झाडाला मात्र हात लावू देणार न्हाई.”

बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मंडळी आली. चौघं जण होती, जालन्याहून जीप करून. नाशिकच्या बाई हसऱ्या, आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरणाऱ्या. आणि ते जाणकार गृहस्थ? मी कुणीतरी दांडगा, मोठ्या आवाजाचा माणूस डोळ्यांपुढं आणला होता. जीपमधून उतरले ते बँकेतून निवृत्त झालेले, बारीक आवाजाचे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरणारे आजोबा. बोलताना जमिनीकडं बघत होते. कॉम्प्युटरवर इतकं फाडफाड लिहिणारे ते हेच, हे मला खरं वाटेना.

गच्चीवर ते झाडापुढं उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “बाई, मी घरात एकटाच असतो. लिहिताना समोर माणूस आहे हे ध्यानातच येत नाही. माफ करा.”

बाई मग शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “उठा आता, गुडघे दुखतील. आन् ती कापसाची गादी कशी वळखायची ते आम्हा सगळ्यांना दाखवा.”

त्या गृहस्थांनी भिंग काढलं. एकेक कुंडी घेऊन ते शिकवू लागले आणि शिकवता शिकवता त्यांचा आवाज मोकळा झाला. खाली आदल्या दिवशी बुद्धपौर्णिमेला केली होती तशीच ताजी खीर शिजत होती. जेवताना ठेच्यानं नागपूरहून आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. परत निघताना एका पाहुण्याचा तोल जाऊन हात नेमका बाईंकडच्या आबावर पडला. काटे चिमट्यानं काढताना तोच सगळ्यांत जास्त हसत होता.

आणि ज्या झाडाला हात लावू देणार नव्हत्या, त्याच झाडावर बाईंनी स्वतः ब्लेड चालवलं. प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. “दूध डोळ्याला लागू देऊ नका,” असं चौघांना चारदा बजावलं. पहिला तुकडा बँकेच्या आजोबांना मिळाला. तो त्यांनी रुमालात असा गुंडाळला, जणू तान्हं मूल.

पुढच्या शनिवारी बाई कॅफेत माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. आता त्यांना स्वतःचं खातं हवं होतं. थोड्याच दिवसांत एका नवख्या मुलीनं फोटो टाकला आणि मोठ्या अभिमानानं लिहिलं, माझा पहिला निवडुंग. फोटोत कोरफड होती. खाली अजून कुणी काही लिहिलं नव्हतं. बाईंनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला आणि एका बोटानं टाइप करत लिहिलं: “झाड छान ठेवलंस. ही कोरफड आहे, केसांना फार चांगली. निवडुंग पाहिजे असेल तर पत्ता दे, मी पिल्लू पाठवते.”

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “बघा बरं ताई, मनाला लागंल असं काही तर लिहिलं न्हाई ना?”