पाठ केलेला तक्ता

आमच्याकडं पोरगं बारावीला गेलं की भरतीची तयारी सुरू होते. पळणं, दंड, आणि डोळ्यांचा तक्ता. सतरा वर्षं फौजेत काढून मी कुंडलजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत तसा एक तक्ता होता. मुलाला खालच्या ओळी वाचता येईनात, तेव्हा मी त्या त्याच्याकडून पाठ करून घेतल्या. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. पाढ्यासारख्या. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

एका संध्याकाळी गच्चीवर तो म्हणाला, "आप्पा, मला चंद्र एकावर एक तीन दिसत्यात."

सारखा डोळे चोळायचा. मला वाटलं, पळायचा कंटाळा आलाय. मी म्हणालो, "चंद्र मोजायची भरती न्हाई ती. जा, मैदानाला चार फेऱ्या मार."

पहिल्या वर्षी तो पळण्यातच मागं पडला, डोळ्यांपर्यंत गेलाच नाही. दुसऱ्या वर्षी गेला. तिथं भिंतीवर तक्ता वेगळा होता, आणि पोरगं आमचाच तक्ता घडाघडा म्हणत सुटलं. रांगेतली पोरं लय हसली म्हणे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मात्र सांगलीला दाखवा म्हणून सांगितलं.

सांगलीत कळलं, केराटोकोनस. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढं आलेलं. उजव्या डोळ्याचा उंचसखलपणा लेझरनं कमी केला, मग पिवळे थेंब घालून वरून किरण सोडले, बुबुळ आहे तिथंच घट्ट व्हावं म्हणून. डाव्या डोळ्याचं बुबुळ लेझर सोसेल इतकं जाड उरलंच नव्हतं. त्याला नुसते किरण. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन वर्षं आधी आणला असता तर दोन्ही डोळ्यांना लेझर करता आलं असतं. घरी येताना मी मुलाला सांगितलं, प्रत्येक डोळ्याचं वेगळं असतं.

त्या गोष्टीला दहा वर्षं झाली. दरसाल दिवाळीआधी आम्ही सांगलीला जातो. डॉक्टर बुबुळाचा जुना रंगीत नकाशा नव्याशेजारी ठेवतात आणि खुशीत म्हणतात, तसूभर हललेलं नाही. उजव्या डोळ्यानं चष्मा लावून तो जवळजवळ सगळं वाचतो. डाव्याला कडक लेन्स लागते. धुळीचा कण गेला की ती काढून बसावं लागतं. अंधार पडल्यावर गाडी चालवत नाही. ठिबकच्या नळ्यांचं दुकान बरं चाललंय. फौजेचं नाव तो काढत नाही. बुबुळ पुढं आलंय तिथं नकाशात लाल डाग दिसतो, तो बघताना मला आमची गच्चीच आठवते. ती एक संध्याकाळ परत मिळावी, त्यानं तीन चंद्र म्हणावेत आणि मी नुसतं विचारावं, कुठं रं, दाव बघू.

यंदा दवाखान्यात नंबर यायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो. त्यानं लेन्स काढून डबीत ठेवली. त्या डबीकडं बघतच मी बोलून गेलो. डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय लपवलं, सगळं. शेवटी म्हणालो, "तुजा डावा डोळा माज्यामुळं गेला."

त्यानं डबीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"आप्पा, त्यो तक्ता मला अजून पाठ हाय," तो म्हणाला. "दरसाली आत गेलो की पयलं सांगतो, त्यो असंल तर दुसरा लावा."

इतक्यात त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं. एरवी मी तेव्हा चहाला जायचो, यंदा बसून राहिलो. वरच्या ओळी त्यानं सावकाश वाचल्या. खाली आल्यावर अडखळला, थांबला.

"न्हाई दिसत," तो म्हणाला.

डॉक्टर बरं म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.