मधल्या सुट्टीतला देव

कापसाच्या दिवसांत आमच्या जळगावात जिनिंगच्या रस्त्याने नुसतं चालत गेलात, तरी कोटाला कापूस चिकटतो. आपण तो विकत घेतलेला नसतो, मागितलेला नसतो. घरी आल्यावर बायको म्हणते, "हे काय घेऊन आलात?" किस्स्यांचंही तसंच असतं. मी जन्मभर पोरांना ड्रॉइंग शिकवलं. घडा, फुलदाणी, कमळ! पेन्शनीत निघाल्यावर अंग झटकून बघतो, तर नुसते किस्सेच किस्से. त्यातले बरेचसे धुळ्याच्या हायस्कुलातले, मास्तरांच्या खोलीतले, आणि एकाच भांडणाचे. देव आहे की नाही? आणि असला तर तो बुद्धीने कळतो, की नुसता मानायचा?

मेहरूणच्या तळ्यावर बसलं की तुम्ही मंडळी हसवणारेच मागता. आज ओळीने सांगतो. सगळे हसवणारे नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवतो.

भांडणारे दोघे. एक शास्त्रीबुवा, संस्कृतचे. मूळचे पारोळ्याचे. अंग किरकोळ, पागोटं मोठं, आणि आवाज असा की ते एका वर्गात रूपं म्हणायचे आणि शेजारच्या वर्गाची पाठ व्हायची! दुसरे गणिताचे देवधर. पुण्याकडून आलेले, एकटे, उंच, कोटावर कायम खडूची भुकटी. आडनाव देवधर आणि देव धरायला तयार नाहीत! हा विनोद प्रत्येक नवा मास्तर पहिल्या दिवशी करायचा. देवधर शांतपणे म्हणायचे, "हा झाला. आता दुसरा सांगा."

* * *

शास्त्रीबुवा भाबडे नव्हते बरं का. नवससायास, अंगात येणं, कौल लावणं यांचा त्यांना देवधरांहून जास्त राग. म्हणायचे, "देव मानायचा नसतो, सिद्ध करायचा असतो. मानतात ती भुतं!"

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या वर्गातला मातीचा घडा उचलून आणला आणि टेबलावर ठेवला.

"देवधर, हा काय आहे?"

"घडा."

"आपोआप झाला?"

"नाही. कुंभाराने केला."

"कुंभार तुम्ही पाहिला?"

"नाही पाहिला."

"तरी होता म्हणता! मग एवढं जग समोर दिसतंय, त्याचा कर्ता नको?"

आम्ही सगळे देवधरांकडे पाहायला लागलो. त्यांनी चहाचा घोट घेतला. "कुंभाराचा बाप कोण?"

"त्या कुंभाराला बाप नाही. तो अनादी."

"मग घड्यालाच अनादी म्हणा की. एक पायरी वाचली!"

खोलीत हशा पिकला. शास्त्रीबुवा मात्र रागावले नाहीत. म्हणाले, "देवधर, तुम्ही चुकताय, पण तर्काने चुकताय. ही अर्धी पूजाच झाली!"

* * *

त्या सालात इन्स्पेक्टर आले. करडे गृहस्थ. इंग्रजी पाचवीच्या वर्गात शिरले आणि एका पोराला उभं करून त्यांनी विचारलं, "ईश्वर कुठे असतो?"

चराचरात, हृदयात, असं काहीतरी उत्तर यायचं म्हणून हेडमास्तर शेजारी हसऱ्या चेहऱ्याने उभे.

पोरगं म्हणालं, "मास्तरांच्या खोलीत, साहेब. पण मधल्या सुट्टीतच असतो!"

* * *

एका वर्षी पाऊस पळाला. पांझरेच्या पात्रात पोरं हुतुतू खेळायला लागली. गावाने महादेवाला कोंडायचं ठरवलं. लांबून पाणी आणून गाभारा भरला, पिंडी बुडवली. आता पाऊस पाडल्याशिवाय सुटका नाही! शास्त्रीबुवांना हे पसंत नव्हतं, पण मंत्र म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून गेले.

दोन दिवसांनी बातमी आली. पाऊस पडला, झोडपून पडला. पण पारोळ्याला! धुळ्यात एक थेंब नाही.

देवधर वाटच बघत होते. "काय शास्त्रीबुवा? अभिषेक धुळ्याचा आणि पाऊस पारोळ्याला?"

शास्त्रीबुवांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "तो आहे, एवढंच मी सिद्ध केलंय. त्याला भूगोल येतो असं मी कधी म्हटलं?"

हा किस्सा गावभर झाला. पण त्याचं शेपूट कुणी सांगत नाही. त्या साली खेड्यांतली माणसं गुरं घेऊन सातपुड्याकडे गेली, त्यांच्यामागे पोरंही गेली. वर्गात बाकं रिकामी पडली. देवधर हजेरी घेताना गेलेल्या पोरांचीही नावं पुकारायचे आणि क्षणभर थांबायचे. पाऊस पुढच्या वर्षी आला. त्यातली काही पोरं नाही आली.

* * *

आमचा शिपाई सखाराम. घंटा देणं, पाणी भरणं ही त्याची कामं. प्लेगात त्याची बायको गेली. गाव ओस पडलं होतं, लोक शेतांत झोपड्या घालून राहत होते, तशात ती दोन दिवसांत गेली. पण सखाराम दर मंगळवारी देवीला नारळ द्यायचा, तो काही चुकला नाही.

देवधरांना राहवलं नाही. टोचून बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. "सखाराम, तुझी बायको वाचवली नाही तिने. तरी तिला नारळ कशाचा?"

सखाराम माठात पाणी ओतत होता. ओतता ओतता म्हणाला, "ती एकटी गयी ना भाऊ. तठे तिना वळखीनं कोनीच नही. म्हनीसन देवीले सांगस, तिनाकडे ध्यान ठेव."

देवधर खडू घेऊन वर्गावर गेले. तो तास मी शेजारच्या वर्गात होतो. पलीकडून नुसता फळ्यावरच्या खडूचा आवाज येत होता.

* * *

आता यमूचं सांगतो.

यमू शास्त्रीबुवांची एकुलती एक मुलगी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. मुलींनी शिकावं, असं शास्त्रीबुवांच्या फार मनात होतं. संस्कृत ते स्वतः शिकवायचे आणि गणित रोज संध्याकाळी देवधर. कधी ती देवधरांच्या खोलीवर जायची, कधी ते तिच्या घरी यायचे. घरं समोरासमोरच होती. रविवारी देवधरांचं जेवणही शास्त्रीबुवांकडेच. शास्त्रीबुवांच्या बायको, आमच्या काकू, त्यांना आग्रह करकरून वाढायच्या.

पोरगी मोठी गोड. वडील शाळेतून आले की दारातच विचारायची, "बाबा, आज देव आहे की नाही?"

शास्त्रीबुवा म्हणायचे, "आहे."

मग ती समोरच्या ओट्याकडे ओरडायची, "देवधरकाका, आहे म्हणे!"

"आजच्या दिवस राहू दे," देवधर तिकडून म्हणायचे. "उद्या बघतो!"

मोठी लढाई संपत आली आणि मानमोडीची साथ आली. नुसता ताप, अंग मोडून यायचं, आणि धडधाकट माणूस बघता बघता जायचा. शाळा बंद झाली. यमूही तापाने पडली.

देवधर तिच्या उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या बदलत होते. डॉक्टर येऊन गेले, त्यांच्याजवळ द्यायला फारसं काही नव्हतं. शास्त्रीबुवा देवघरात होते. रडणं नाही, नवस नाही. मला म्हणाले, "मास्तर, काळजी करू नका. ज्याने हे जग इतक्या नियमाने बांधलं, तो अकारण काही करत नसतो."

यमू दुपारी गेली. काकूंनी हंबरडा फोडला, तो सगळ्या आळीने ऐकला. पण कुणी बाहेर आलं नाही, कारण घरोघर तेच चाललेलं.

गावात लाकूड उरलं नव्हतं. वखारी रिकाम्या. पांझरेच्या काठी माणसं आपापलं प्रेत घेऊन लाकडाची वाट बघत बसलेली. देवधर आपल्या खोलीवर गेले आणि कुऱ्हाडीने टेबल फोडायला लागले. यमू ज्या टेबलावर गणितं सोडवायची, तेच. मग खाट फोडली, मग पुस्तकांची फडताळं. मी, सखाराम आणि ते, आम्ही तिघांनी ते लाकूड नदीवर नेलं.

चिता पेटल्यावर शास्त्रीबुवा देवधरांच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "देवधर, कारण सांगा."

"मला माहीत नाही हो," देवधर म्हणाले.

"मलाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

* * *

शाळा उघडली. शास्त्रीबुवा येत होते, रूपं म्हणून घेत होते, पण शेजारच्या वर्गाला काही ऐकू जात नव्हतं. मधल्या सुट्टीत खिडकीपाशी बसायचे. वाद नाही, हशा नाही. आम्ही मुकाट्याने डबे खायचो.

एक दिवस देवधर स्वतः माझ्या वर्गात आले, तो मातीचा घडा उचलून घेऊन गेले आणि शास्त्रीबुवांच्या पुढ्यात ठेवला. "शास्त्रीबुवा, हा घडा आहे. म्हणजे कुंभार असलाच पाहिजे. मी विचार केला. तुमचं बरोबर होतं!"

शास्त्रीबुवांनी घड्याकडे पाहिलं. "कुंभाराचा बाप कोण?"

घडा परत माझ्या टेबलावर आला.

पण ते हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रहताऱ्यांचा पॉइंट काढला. एवढे गोल, एवढ्या हिशोबाने फिरतात, कुणी फिरवल्याशिवाय? शास्त्रीबुवांनी दोन वाक्यांत तो उडवला. मग बीजातून झाड येतं त्याचा काढला. तोही उडाला. ज्या माणसाने जन्मभर हे युक्तिवाद रचले, त्यांची भोकं त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

वऱ्हांड्यात देवधर मला म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं मी देव नाही म्हणून भांडलो, तर हा शास्त्री जिंकायचा. आता आहे म्हणून भांडतो, तरी जिंकतो हाच!"

हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होते.

* * *

आता शेवटचा.

शास्त्रीबुवांच्या घरी पूजा बंद झाली होती. काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "अहो, देव तांब्याच्या ताम्हनात तसेच पडलेत. हे हात लावत नाहीत. स्वयंपाक करते, पण नैवेद्य कुणापुढे ठेवू?" हे देवधरांच्या कानावर गेलं असावं. कसं गेलं, मला माहीत नाही.

एका सकाळी देवधर आंघोळ करून, ओल्या पंचाने, हातात छापील पोथी घेऊन समोरच्या घरात शिरले आणि सरळ देवघरात जाऊन बसले. काकू बघतच राहिल्या. शास्त्रीबुवा ओसरीवर होते. त्यांनी पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

देवधरांनी देवांवर पाणी घातलं आणि सूक्त म्हणायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत दोन विसर्ग येतात. देवधरांनी दोन्ही गिळले.

भिंतीकडे तोंड ठेवूनच शास्त्रीबुवा म्हणाले, "विसर्ग खाल्लेत."

"पुन्हा म्हणतो," देवधर म्हणाले.

काकू माझ्या बायकोला सांगत होत्या, की कित्येक दिवसांत घरात उच्चारलेला तो शास्त्रीबुवांचा पहिला शब्द!

मग ते रोजचं झालं. देवधर यायचे, देवांना आंघोळ घालायचे, ओळ म्हणायचे. ओसरीवरून आवाज यायचा, "विसर्ग खाल्लेत." "पुन्हा म्हणतो." पावसाळा गेला, थंडी गेली, देवधरांना ते दोन विसर्ग काही येईनात.

मी एकदा विचारलं, "देवधर, अख्खी लॉगॅरिदमची कोष्टकं तुम्हाला पाठ. आणि दोन विसर्ग लक्षात राहत नाहीत?"

"नाही राहत," ते म्हणाले.

"बरं, निदान श्रद्धा तरी बसली का?"

"नाही बसली."

पुढे त्यांची बदली झाली, जळगावला. ऑर्डर आली त्याच आठवड्यात निघायचं होतं. जायच्या दिवशीही सकाळी पूजा करून गेले. ओसरीवरून नेहमीसारखा आवाज आला, त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि मग ट्रंक उचलून टांग्यात बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शास्त्रीबुवांकडे गेलो. काकूंनी विरजण मागितलं होतं, ते द्यायला. ओसरी रिकामी होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांनी मला हातानेच थांबवलं.

देवघरात शास्त्रीबुवा बसले होते. सोवळं नेसलेले, हातात पळी. पाण्याची धार धरली आणि त्यांनी सूक्त सुरू केलं. तोच आवाज, शेजारच्या वर्गाला ऐकू जाणारा. अख्ख्या खानदेशात तसे स्वच्छ उच्चार कुणाचे नव्हते.

पहिली ओळ झाली. दोन्ही विसर्ग त्यांनी खाल्ले.

मग थांबले. रिकाम्या ओसरीकडे कान देऊन क्षणभर तसेच बसले, आणि हळूच म्हणाले, "पुन्हा म्हणतो."