डाव्या बाजूची नळी

पंपाच्या माहितीपुस्तिकेसाठी चित्रं काढणाऱ्या बाईंना कंपनीत सगळे रेघताई म्हणत. इंजिनिअरसाहेबांच्या पेन्सिल-स्केचचा स्कॅन त्या कॉम्प्युटरवर खालच्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवत, तो फिका करून लॉक करत आणि वरच्या लेयरवर पेन टूलने एकेक रेघ गिरवत.

नव्या आवृत्तीसाठी त्यांनी तीन वर्षांपूर्वीची फाइल उघडली, वरचा लेयर लपवला आणि खालचं स्केच पाहिलं. डाव्या बाजूची वाकडी नळी स्केचमध्ये नव्हतीच. तिथे स्कॅनरच्या काचेवर पडलेला त्यांचाच केस उमटला होता आणि त्यांनी तोच गिरवला होता.

नोकरी गेली असं धरूनच त्या साहेबांकडे गेल्या. "साहेब, ती नळी म्हणजे माझा केस आहे. आत्ता पुसून टाकते."

"हात लावू नका," साहेब म्हणाले. "तीन वर्षं आम्ही तुमचं चित्र बघून ती बसवतोय. मागच्या महिन्यात एकाने काढून पाहिली, तर पंप बंद पडला."

"पण ती करते काय?"

"ते आम्ही तुम्हालाच विचारणार होतो. चित्रात त्या नळीकडे दाखवणाऱ्या बाणापुढे काहीतरी लिहा बाई, गिऱ्हाइकं विचारतात."

रेघताई जागेवर आल्या. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, 'ही नळी काढू नये.'