सुनीतीबाईंची शंका

शरदरावांचा सत्कार करावा ही सूचना सुनीतीबाईंनीच मराठी मंडळात मांडली, तेव्हा मंगला गौरीच्या देवळाकडच्या मराठी घरांतून त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. मन कसलं मोठं? तीन वर्षं बाई त्या माणसावर दात धरून होत्या.

दोघं एकाच कॉलेजात इंग्रजी शिकवत, शरदराव विभागप्रमुख. बाईंनी अकरा वर्षं खपून इंग्रजी क्रियापदांवर एक ग्रंथ लिहिला होता. कुठलं क्रियापद वाक्यात कोणाला बोलावतं आणि कोणाला काय काम देतं, याबद्दलचा. कोणी करणारा, कोणी सोसणारा, कोणी घेणारा, कोणी नुसतं हत्यार. बाई वर्गात सांगत, क्रियापद म्हणजे पंगतीचा यजमान; कोणी कुठल्या पाटावर बसायचं ते तोच ठरवतो. हातानं लिहिलेली ती एकुलती एक प्रत त्यांनी विश्वासानं शरदरावांना वाचायला दिली. वर्षभरात पुस्तक निघालं ते शरदरावांच्या नावानं. जाब विचारला, तर म्हणाले, "पुरावा काय आहे?" बाई घरी येऊन खूप रडल्या. मग डोळे पुसून विचाराला लागल्या.

बालाजी घाटाजवळच्या त्या मंडळाची जुनी रीत आहे. शाल अंगावर पडण्याआधी सत्कारमूर्तीनं आपला ग्रंथ बाजूला ठेवायचा आणि सभेतल्या एका शंकेचं तोंडी उत्तर द्यायचं. हल्ली कोणीतरी सोपंसं विचारून वेळ मारून नेतं, म्हणून शरदराव निर्धास्त होते.

सत्काराच्या दिवशी मंडळाचे अध्यक्ष काशीनाथशास्त्रींनी पुस्तक मागून घेतलं. सुनीतीबाई उठल्या.

"सर, 'ओपन' हे क्रियापद किल्लीलाही कर्त्याच्या जागी बसू देतं. मग 'ईट' चमच्याला का बसू देत नाही? चौथं प्रकरण आहे तुमचं."

शरदरावांचा हात पुस्तकाकडे गेला.

"नाही हो," शास्त्रीबुवांनी ते मागे ओढलं. "बिना किताब सांगा. रिवाज आहे."

"ते संदर्भावर अवलंबून असतं."

"कुठल्या संदर्भावर?" बाईंनी विचारलं.

शरदराव पाणी प्यायले. सगळी सभा त्यांच्याकडे बघत होती. अखेर पुटपुटले, "सुनीतीबाईच नीट सांगतील."

"मी का? ग्रंथ तुमचा ना?"

शास्त्रीबुवांचा चेहरा बदलला. "शरदराव, ग्रंथ कोणाचा आहे?"

"बाईंचा," ते म्हणाले.

तेव्हा कुठे बाईंनी शंकेचं उत्तर सांगितलं. दार उघडायला नुसतं निमित्त पुरतं, किल्ली काय, वारा काय. खायला मात्र खाणारा जीव लागतो. दोन मिनिटांचं काम होतं.

पहिल्या रांगेत शरदरावांची बायको पदरानं डोळे टिपत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. दया काही आली नाही. शास्त्रीबुवांनी शाल बाईंपुढे धरली. "घ्या. आणि आता माफ करून टाका त्यांना."

तीन वर्षांत बाईंना पहिल्यांदा बरं वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. त्यांनी पर्स उघडली.

"शाल राहू दे. आत्ता बोलले ते लिहून द्यायला सांगा. कागद मी आणलाय."